आठ दिवसांनी एक

अशोक चौकातल्या आमच्या मेडिकलवर
दुपारी तीनला गिऱ्हाईक नसतं.
डांबर मऊ पडलेलं, कुत्री टेम्पोखाली,
पारा चव्वेचाळीस.
तेव्हा नरसम्मा बिंगी आली,
डोक्यावर ओला पंचा, हातात रिपोर्ट.
व्हिटॅमिन डी : अकरा.

"म्हणजे काय कमी हाय?"
"ऊन," मी म्हटलं.
ती हसली, काउंटरला धरून हसली.
"एंडा? सोलापुरात?
मशीन बिघडलंय गं त्यांचं."

मशीन ठीक होतं.
विडी घरकुलात तिचं दार उत्तरेला.
ऊन पत्र्यावर येतं, माणसावर येत नाही,
आत शिरते ती नुसती झळ.
सकाळी सातला मांडीवर सूप,
हजार वळून होईस्तोवर
दिवस कुठल्या बाजूनं गेला, पत्ता नाही.
अशी बत्तीस वर्षं.
"हाडं पिंजून काढल्यागत दुखायलीत," ती म्हणाली.

"खाण्यातनं मिळंल का?"
थोडं.
"कडक भाकरीत?"
नाही.
"शेंगाचटणीत?"
नाही, अक्का.
"मग सोलापूरचं काय कामाचं!"
अंड्याच्या पिवळ्यात थोडं,
तेलकट समुद्री मासळीत बरंच,
दुधाच्या पिशवीवर 'प्लस एफ' असेल
तर त्यात वरून घातलेलं.
"पिवळं नातू खातो," ती म्हणाली.
मासळीचं काहीच बोलली नाही.

चिठ्ठीप्रमाणे आठ पाकिटं मोजली.
एकेकात साठ हजार.
"आठ दिवसांनी एक,
जेवण झाल्यावर, दुधातून."
तेवढ्यात लाईट गेली,
शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा जनरेटर धडधडला
आणि मी सुट्टे पैसे शोधत राहिले.

नवव्या दिवशी ती दारात.
"संपली. आणखी आठ दे."

आठ दिवसांनी एक. आठ दिवस एक.
मधे एवढासा 'नी',
जनरेटरच्या आवाजात कुठे तरी पडलेला.
आणि तिचा तरी काय दोष,
जास्त वळलं की जास्त मिळतं
हाच हिशेब जिच्या बोटांना माहीत.

"तहान लई लागायलीय. पण उन्हाळाच की."
मळमळतंय, पोट चार दिवस साफ नाही.
ती हे सहज सांगत होती,
माझ्या तळहातांना घाम फुटलेला.
अर्धं शटर ओढलं, रिक्षा थांबवली.

सिव्हिलच्या बाकावर
तिला सगळं समजावून सांगितलं.
काही जीवनसत्त्वं जास्त झाली की लघवीवाटे जातात,
हे चरबीत ठाण मांडतं,
सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं,
ऊठ म्हणता येत नाही.
मग रक्तात कॅल्शियम चढतं, मूत्रपिंडावर भार.
"जावई," ती म्हणाली, "माझा बरा हाय तसा."

कॅल्शियम रेषेच्या जरा वर निघालं.
डॉक्टरांनी पाकिटं थांबवली, पाणी प्यायला सांगितलं,
पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त.
वेळेवर आणलंत, ते मला म्हणाले.
मी 'नी'बद्दल बोलले नाही.
इथे पहिल्यांदा बोलतेय.

ते उतरलं. पावसाळा गेला.
आता डॉक्टरांनी ठरवलेलं : महिन्याला एक,
आणि मधे तपासणी.
मी प्रत्येक पाकिटावर मार्करनं तारीख घालते,
तिच्याकडून पुन्हा वदवून घेते,
ती मला पोपट म्हणते.
पाकीट ती विडीच्या दोऱ्यानं
कॅलेंडरच्या खिळ्याला बांधते,
महिन्याच्या पहिल्या पगाराच्या वारी सोडते.

परवा मजुरीच्या हिशेबाचं कार्ड वाचून द्यायला
तिच्या गल्लीत गेले.
साडेदहा वाजले होते.
नरसम्मा समोरच्या घराच्या पायरीवर
सूप घेऊन बसलेली, आडवी, जराशी वाकडी.
उन्हात पानं कडक होतात, वळताना फाटतात,
म्हणून सूप सावलीत
आणि पोटऱ्यांपर्यंत लुगडं वर घेऊन
पाय तेवढे उन्हात.